मामाला आणायला

आमच्या गावठाणात बायकोला मारणं हे नवऱ्याचं घरगुती काम समजलं जाई. विहीर उपसणं, कौलं शाकारणं, तसंच तेही एक. शेजारच्या घरातून आवाज आला की लोक खिडकी लावून घेत, नाहीतर रोझरी जरा मोठ्याने म्हणत. पाद्री रविवारी क्षमेबद्दल बोलत, आणि ती क्षमा कुणी करायची हे सगळ्या बायकांना न सांगता कळे. पोलीस फक्त हातभट्टी शोधायला येत, तेही बहुधा आधी कळवून. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचा हक्क आमच्यात एकाच माणसाला होता, तो बायकोच्या भावाला. भावाने यायचं, ओटीवर बसायचं, जावयाला समोर बोलवायचं आणि वाटलं तर चार ठेवून द्यायच्या. जावयाने उलट हात उचलायचा नाही. अशी रीत होती आणि ती कुणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

माझ्या आईचा भाऊ खाडीपलीकडे मनोरीला राहायचा. ताडी काढायचा, थोडी भाताची जमीन होती. आईने इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. कपाळ फुटलं तर ती "विहिरीवर पाय घसरला" म्हणायची, ओठ सुजला तर "दार लागला" म्हणायची. आमच्या विहिरीइतकी घसरडी विहीर अख्ख्या अंधेरीत दुसरी नसेल. मला त्या खोटेपणाची इतकी चीड यायची की कधीकधी बापापेक्षा आईचाच राग यायचा.

साठचं दशक संपत आलं होतं, मी पंधरा वर्षांची होते. मे महिन्यातला शनिवार. आदल्या संध्याकाळी आईने बापाची बाटली मोरीत ओतली. का ओतली कोण जाणे, एवढी वर्षं नाही आणि त्याच दिवशी का, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. बापाने बसायचा पाट उचलला आणि तिला मारायला सुरुवात केली. तिने तोंड वाचवायला हात वर केला, तो पाट मनगटावर बसला. कडकन आवाज झाला. माझे दोन धाकटे भाऊ पलंगाखाली होते. मी मध्ये गेले तर त्याने मला एका हाताने भिंतीवर फेकलं, बघितलंसुद्धा नाही. मग तो दमला आणि झोपला.

सकाळी पहिल्या पाळीला निघताना त्याने केस नीट विंचरले. दारात उभा राहून, अगदी शांतपणे, आईला म्हणाला, "अर्धा राह्यलाय. सांच्याला येऊन पुरा करतो." बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा आवाज. असली वचनं तो पाळायचा, हे आम्हाला माहीत होतं. शनिवारी तीन-साडेतीनला पाळी सुटली की तो अड्ड्यावर जाई आणि दिवेलागणीला घरी येई. म्हणजे आईकडे तेवढाच वेळ होता.

तो वळणाआड गेल्यावर आईने मला जवळ घेतलं. तिचं मनगट पावासारखं फुगलं होतं. म्हणाली, "मामाला बोलाव. सांग, आजच्या आज ये. आयने बोलावलाय म्हून सांग, बास." मी म्हटलं, "कशी जाऊ?" तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथे बापाची सायकल उभी होती.

ही सायकल म्हणजे आमच्या घरातली सगळ्यांत लाडकी व्यक्ती. कंपनीत चोरीला जाईल म्हणून बाप कामावर चालत जायचा आणि सायकल फक्त रविवारी चर्चला, मिस्साला काढायचा. तिला तेल, तिला फडकं, तिला रात्री पोत्याचं पांघरूण. आम्ही हात लावला तर कानाखाली बसायची. मी मात्र तो पाळीवर असताना गावठाणामागच्या शेतात चोरून शिकले होते, आधी दांड्याखालून पाय घालून, मग वरून. आईला हे ठाऊक असेल असं मला त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं. तिने भावांना शेजारी पाठवलं, माझा फ्रॉक दोन्ही बाजूंनी कमरेत खोचून दिला आणि ती अंगणात मसाल्याकडे वळली.

मे महिना म्हणजे आमच्या लोकांचा मसाल्याचा महिना. दारोदार मिरच्या वाळत असतात, मातीच्या खापरीत भाजतात, लाकडाच्या उखळात कांडतात, आणि वर्षाचा मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. आमच्या मिरच्या भाजून झाल्या होत्या. कांडायला दोन बायका लागतात, समोरासमोर, दोन मुसळं, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. शेजारीण येणार होती. पण आदल्या रात्रीचा आवाज ऐकून ती आली नाही. आई एका हाताने मुसळ उचलून एकटीच कांडत राहिली, आणि मी निघाले.

अंधेरीचं रेल्वे फाटक ओलांडून मी घोडबंदर रोडला लागले. आठ वाजले नसतील, तरी ऊन डोक्यात घुसत होतं. जोगेश्वरीपर्यंत मी रागाच्या जोरावर सायकल मारली. पाय मारताना मी मनात बापाला मारत होते, डावा पाय, उजवा पाय, दर पायाला एक. तबेल्यांचा वास, धूळ, मागून भोंगे. गोरेगावच्या अलीकडे एका लॉरीने मला इतकं कडेला दाबलं की मी सायकलसकट गटारात गेले. क्लीनरने खिडकीतून डोकं काढून शिवी दिली आणि हसला. गुडघा सोलून निघाला होता, चपलेचा अंगठा तुटला होता. मी चपला तिथेच टाकल्या. पहिली भीती गुडघ्याची नव्हती, सायकलच्या मडगार्डला पोचा आला की काय याची होती. पोचा आलाच होता. आता संध्याकाळी माझंही पुरं होणार, हे मला कळून चुकलं.

पुढे अनवाणी. लोखंडी पायडल तव्यासारखे तापले होते आणि रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं. उतरून चालावं तर तळवे भाजत, बसून मारावं तर तळवे भाजत. मालाडला एका हॉटेलबाहेरच्या पिंपातून पाणी प्यायले, तर मालकाने "ए, हात नको घालू" करत फडकं उगारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते खाली घेतलं. मी बापासारखी दिसते असं सगळे म्हणायचे. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

मार्व्याचा रस्ता लागला की मुंबई संपायची. दोन्ही बाजूंना भेगाळलेली शेतं, नंतर मिठागरं, त्यांच्यावरून येणारी पांढरी झळ, आणि माणूस नाही. तिथे दोन तरुण मागून सायकलवर आले, एक चालवत होता, एक पुढे दांड्यावर. बराच वेळ माझ्या बाजूने चालले. "काय गं, एकटीच? कुठं चाललीस अशी नंगे पाव?" मी पाय जोरात मारायला लागले. मग दांड्यावरच्याने हात लांब करून माझा फ्रॉक धरला, आणि ओढला. मी पडले नाही कसं ते देवाला माहीत. पाय टेकला, सायकलच्या नळीला अडकवलेला पंप काढला आणि त्याच्या बोटांवर हाणला. त्याने आता माझं हँडल धरलं होतं, तिथेच. पुन्हा हाणला. तो ओरडला, नखातून रक्त आलं, दोघंही सायकलसकट आडवे झाले. मी तिसऱ्यांदा पंप उचलला तेव्हा चालवणारा हात जोडून म्हणाला, "जा बाई, जा ना यार!"

मी गेले. पण खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं होतं. पोटातून गरम, गोड काहीतरी वर आलं होतं. बापालाही असंच वाटत असेल का, हा विचार डोक्यात आला आणि मला मिठागराच्या कडेला उलटी झाली.

मार्व्याला खाडीपार नेणारी होडी तयार होती. तांडेलाने सायकल होडीत आडवी घातली आणि माझ्या पायांकडे बघून तोंड फिरवलं. पलीकडे मनोरी. ताडाची झाडं, वाळूतून जाणारा रस्ता, जवळा सुकत घातलेला, त्याचा वास. भर दुपार झाली होती. वाळूत सायकल चालत नव्हती म्हणून मी ती ढकलत होते, आणि तहानेने जीभ टाळूला चिकटली होती. तरी मी खूश होते. पोचले होते ना! मामा उंच, काळा, ताडावर वानरासारखा चढायचा. त्याच्या एका हाताने बाप सरळ होईल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मामाच्या वाडीत शिरले आणि धप्, धप् असा आवाज आला. मला वाटलं, इथेही मसाला कांडतात. मागच्या अंगणात गेले. मामी घराच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि मामा तिच्या पाठीवर काथ्याचा ओला दोर मारत होता. घाईत नाही, रागाने लालही नाही. ताडीचं एक मडकं जमिनीवर फुटून पडलं होतं. मामीच्या तोंडातून आवाज येत नव्हता. फक्त प्रत्येक फटक्याला तिची बोटं खांबावर जराशी वर सरकत होती.

मामाने मला पाहिलं. दोर टाकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "अगो, माझी भाची आली! या उनाची? सायकलवर?" त्याने मला सावलीत बसवलं, कोयता घेतला आणि ताडगोळे फोडून माझ्या हातात ठेवू लागला. प्रेमाने, एकेक सोलून. आणि मी ते खाल्ले. इतकी तहान होती की मी त्या हातांकडे बघत बघत सगळे खाल्ले.

मग मी निरोप सांगितला. आईचं मनगट, पाट, "सांच्याला पुरा करतो", सगळं. मामाने नीट ऐकून घेतलं. विचारलं, "पन तुज्या आयने काय केला?"

"बाटली ओतली."

"भरलेली?"

"हो."

मामा हसला. मोकळेपणाने, मान मागे टाकून. "मंग? दारू ओतल्यावर तो काय फुला वाहील? सांग तिला, जरा सबुरीने घे. उद्या मिस्सा झाल्यावर येन मी, बोलन त्याच्याशी." मी म्हटलं, "उद्यापर्यंत आय राहणार नाय, मामा." तो म्हणाला, "तुमी बायका लय वाढवून सांगता." आणि ओटीवर जाऊन आडवा झाला. थोड्या वेळात घोरायला लागला.

मी तिथेच बसून राहिले. मला रडू येत नव्हतं, मला कोयता दिसत होता. एवढ्या उन्हात, एवढा रस्ता तुडवून मी ज्याला आणायला आले तो हा. माझ्या बापाला कुणाच्या तरी भावाने मारावं म्हणून मी धावत होते, आणि इथे मामीला मारायला मामा होता, आणि मामीला भाऊच नव्हता. एक होता तो बोटीवर नोकरीला गेला तो परत आला नाही, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दुपारी पहिल्यांदा कळला.

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिने मिस्साला नेसायचं लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं होतं. एक डोळा सुजून बंद होत आला होता. ती आजवर माझ्याशी चार वाक्यंही बोलली नसेल. म्हणाली, "चल."

"कुठं?"

"तुज्या घरा. तिच्या मायेरातून कोनी तरी यायला पायजे ना? मी जातंय."

"पन मामी, तुला तर बाबा..."

"मारील. मला काय नवा हाय?" ती म्हणाली आणि सायकलचं कॅरिअर पदराने पुसायला लागली.

परतीच्या वाटेची मला आठवण आहे ती पायांत. मामी अंगाने भरलेली होती. वाळूत आम्ही दोघी सायकल ढकलत होडीपर्यंत आलो. तांडेलाने मामीचा चेहरा बघितला आणि पैसे मागितले नाहीत. मार्व्यानंतर ती मागे बसली. सूर्य आता डाव्या-उजव्या बाजूला नव्हताच, तो माझ्या पाठीवर बसला होता असं वाटत होतं. दर थोड्या वेळाने डोळ्यांपुढे काळं यायचं, मी थांबायचे, मामी उतरायची, मला धरायची, पुन्हा बसायची. एकदा म्हणाली, "जोरान मार गो जरा. पाठीला वारा बरा लागतो." तिच्या चोळीतून रक्ताचे पट्टे उमटले होते.

मालाडच्या नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. डबल सीटला तेव्हा बंदी होती आणि हवालदारांची आवडती शिक्षा म्हणजे चाकाचा व्हॉल्व्ह काढून खिशात टाकायचा, हवा फुस्स, मग बसा ढकलत. तो व्हॉल्व्हला हात घालायला वाकला तेव्हा मामी त्याच्यासमोर बसली, तोंडाला तोंड भिडवून. "माजा डोला बग. बगितलास? यो ज्यान केला त्याला पकर जा. तो घरा झोपलाय. पत्ता देऊ?" भोवती माणसं जमली. हवालदार उठून उभा राहिला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "बाई, नाका सुटेपर्यंत चालत जावा. पुढं काय करायचं ते करा."

गोरेगाव, जोगेश्वरी. माझे दोन्ही तळवे फुटले होते, पायडल रक्ताने बुळबुळीत झाले होते. ऊन उतरायला लागलं तशी माझी भीती चढायला लागली. बाप आज अड्ड्यावर गेला नसेल तर? तो आधीच घरी आला असेल तर? त्याने भिंतीकडे पाहिलं असेल तर? फाटकाला गाडीसाठी थांबावं लागलं तेव्हा मी मोठमोठ्याने रडले. मामीने माझ्या मानेवर आपला ओला हात ठेवला आणि फाटक उघडेपर्यंत तसाच ठेवला.

बाप आधीच घरी आला होता.

अंगणात आमची आई गुडघ्यांवर होती. त्याने तिचे केस मुठीत गुंडाळले होते आणि तो तिला विचारत होता, "सायकल कुठं हाय? कुनाला दिली?" प्रत्येक प्रश्नाला एक लाथ. आजूबाजूची दारं बंद. एका खिडकीच्या फटीत मला डोळा दिसला, तो लगेच गेला. बापाने आम्हाला पाहिलं. आधी सायकल पाहिली, मग मडगार्डचा पोचा पाहिला, मग मला. आईला सोडून तो माझ्याकडे आला आणि वेणीला धरून त्याने मला असं ओढलं की पाय जमिनीवरून सुटले. कानाखाली बसली, दुसरी बसली, तिसऱ्या वेळेला मला ऐकूच आलं नाही. मामी त्याच्या बाजूनेच गेली, पण त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मेव्हण्याच्या बायकोकडे कुणी लक्ष द्यायचं नसतं.

ती सरळ उखळाकडे गेली. आत आईने दिवसभर एका हाताने कांडलेला मसाला होता, लाल, अर्धाकच्चा. मामीने मूठ भरली, वळली आणि बापाच्या डोळ्यांत मारली. शांतपणे, जवळून, दोन्ही डोळ्यांत.

तसं ओरडणं मी पुन्हा ऐकलं नाही. तो मला सोडून गोल फिरायला लागला, डोळे चोळायला लागला, आणि चोळल्याने आग वाढली. मामीने एक मुसळ उचललं आणि त्याच्या मांडीवर घातलं. तो बसला. तिने पाठीवर घातलं. मग ती थांबली आणि आईकडे बघितलं. आई अजून जमिनीवरच होती, केस तोंडावर. मामी तिला म्हणाली, "एकटीने होत नाय गो यो काम."

आई उठली. दुसरं मुसळ तिने डाव्या हाताने घेतलं, काखेत दाबून. आणि त्या दोघी त्याला कांडायला लागल्या. मी हे सजवून सांगत नाही. एकीचं वर, दुसरीचं खाली. घशातून तोच हुंकार, मसाला कांडताना बायका काढतात तो. मांडी, पाठ, खांदा, नडगी. "डोक्यावर नको," मामी मध्येच म्हणाली, "मरल तो." बाप आईचं नाव घेत होता, देवाची आई आठवत होता, मला हाक मारत होता. मी सायकल धरून उभी होते आणि मला वाटत होतं, थांबू नका, आणखी, आणखी.

आणि मग दारं उघडली. सगळी. इतकी वर्षं न उघडलेली सगळी दारं धाडधाड उघडली, आणि पुरुष धावत आले, बायका धावत आल्या. "सोडा गो त्याला! मरल ना माणूस! लाज नाय का?" चौघांनी त्याला उचलून आत नेलं. शेजारीण आईला म्हणाली, "नवऱ्यावर हात उचलतीस?" मी तिच्या अंगावर थुंकले. ते मला आजही बरोबर वाटतं.

आईने मुसळ टाकलं, आत गेली आणि त्याचे डोळे नारळाच्या दुधाने धुवायला बसली. रात्रभर तो कण्हत होता. त्या रात्री मामी माझ्याशेजारी झोपली, पालथी.

रविवारी मिस्सा झाल्यावर मामा आला. पांढरा शर्ट, हातात पापलेटं. शब्दाला जागला म्हणायचा. बाप पलंगावर होता, डोळे सुजलेले, नडगीला फळी बांधलेली. मामाने विचारलं, "काय झाला, पावना?" बापाने सगळ्यांसमोर सांगितलं, "सायकलवरून पडलो." मी हसले, मोठ्याने. कुणी हसलं नाही. मामाने मामीकडे पाहिलं, आईच्या मनगटाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मुसळांकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. तो नीट जेवला. आईने त्याला पापलेटं तळून वाढली, आधी भावाला, मधला तुकडा. मामी मागे उभी होती.

हात धुतल्यावर तो मामीला म्हणाला, "चल."

मामी हलली नाही. तिने आईकडे पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. मला वाटलं, आता आई उठेल. काल जी उठली ती आजही उठेल, म्हणेल, ती राहील इथं. घरात जागा होती. मुसळं तिथेच होती. आईने उठून मामीचं लुगडं झटकलं, तिचा पदर सारखा केला, हातात मसाल्याची एक बाटली दिली आणि म्हणाली, "जा गो. आपला घर आपला."

मी मामीच्या कमरेला मिठी मारली. "नाय जायचा! तो मारल तिला! आय, तू बग ना तिची पाठ!" मामा दारात थांबून ऐकत होता. आईने माझे हात सोडवले आणि माझ्या तोंडात मारली. तिने मला जन्मात मारलं नव्हतं. चांगल्या हाताने, सगळ्या जोराने, बापासारखीच. मग दबक्या आवाजात म्हणाली, "तो माजा भाव हाय. तो तुटला तर मला कोन हाय?"

मामी गेली. फाटकाच्या दिशेने, मामाच्या चार पावलं मागून, बाटली छातीशी धरून.

बापाने त्यानंतर आईवर हात उचलला नाही, मरेपर्यंत. गावठाणात सगळे म्हणत, भाऊ खमक्या आहे तिचा, एकदा आला आणि जावयाला सरळ करून गेला. मामालाही हळूहळू तसंच आठवायला लागलं. काही वर्षांनी, सत्तरच्या दशकात, माझ्या लग्नात हातात पेला घेऊन त्याने ते मांडवाला सांगितलं, आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. बापानेही वाजवल्या. मामी माझ्या बाजूला बसली होती. त्या मे महिन्यानंतर तिच्या डाव्या कानातून पू येई, मग तो कान गेला, आणि नंतर दुसराही मंदावला. तिने मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "काय सांगतो गो तो?"

मी आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून माझ्या ओढणीची किनार नीट करत होती. मी मामीच्या कानाशी तोंड नेलं आणि काय घडलं होतं ते ओरडून सांगितलं, मांडवात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की बाबाला तू मारलंस, मामी, तू, आणि तुझ्यासाठी आमच्यातलं कुणीच आलं नाही.